अहो बाई, बोंबील घ्या

सुक्या मासळीवर ऑनलाइन गप्पा मारणाऱ्या बायकांच्या चर्चामंडळाची मी नियंत्रक. म्हणजे कोणाचं बोलणं ठेवायचं, कोणाचं उडवायचं, ते ठरवणारी. पहिला नियम माझाच: 'सर्वांना अहो-जाहो करावे.'

परवा बोईसरच्या एका बाईंनी विचारलं, सुके बोंबील दोन तास भिजवू का? सातपाटीच्या बाईने खाली लिहिलं, "आगो, येडी हायस का तू? लगदा होईल. नुसते धुऊन घे." बोईसरकरांनी तक्रार केली: अपमान झाला. मी ते उडवलं आणि सातपाटीला नियम पाठवला. मोठ्या ऐटीत.

उत्तर आलं, "आदरणीय महोदया, सूचनेबद्दल आभार. यापुढे आपणांस त्रास होणार नाही." तेव्हापासून ती गप्प. एरवी दिवसाला दहाजणींना शहाणं करणारी बाई!

हा सूर माझ्या ओळखीचा. मी मूळची दांडीची, सातपाटीसारख्याच कोळीवाड्यातली. लग्न होऊन तारापूरच्या अणुकेंद्राच्या वसाहतीत आले आणि 'हाय' टाकून 'आहे' धरलं. तोरा असा, जणू अणुभट्टी मीच चालवते. एकदा आई बोंबलांची टोपली घेऊन आली, जिन्यातूनच ओरडली, "आगो, दार उघड! मेली झोपलीस काय?" शेजारीण डोकावली. मी आईला आत ओढलं. "आई, इथं असं नाय... नाही बोलत. इथं अहो म्हणतात."

आईने टोपली खाली ठेवली. "बरं. अहो बाई, बोंबील घ्या."

मला वाटलं, किती पटकन शिकली! एवढी माझी अक्कल. पुढे शेवटपर्यंत मी तिची अहो बाईच राहिले.

आज सकाळपासून फोन उचलतेय, ठेवतेय. दूध दोनदा उतू गेलं. शेवटी सातपाटीच्या बाईचं उडवलेलं बोलणं परत लावलं आणि खाली लिहिलं, "आगो, येडी मीच हाय. ये ना परत. तू नाय तर इथं सगळ्या नुसते आभार मानतात."

दहा मिनिटांत दुसऱ्या नियंत्रकबाईंनी, त्या निवृत्त शिक्षिका, दोन्ही उडवली. शेरा: 'अरेतुरे. नियम पहिला.'

मी एकटीच खो-खो हसले. मग हसू आटलं. त्या दहा मिनिटांत तिने वाचलं असेल का? पुन्हा लिहिलं, पुन्हा उडालं. आता तिसऱ्यांदा लिहिलंय. शिक्षिकाबाई जेवायला बसल्या असतील, एवढ्यात वाच गो बाई.