बसून खेळायचा खेळ

माझ्या नणंदेची मान माझ्या नवऱ्याच्या मानेपेक्षा जाड होती, आणि ती त्यानेच जाड केली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तो काय बोलला ते ऐकताना तुमचंही डोकं माझ्यासारखंच फिरेल.

नणंद चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. पुढच्या बाजूला मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून "काय शोभतेय!" म्हणायचा आणि मागच्या खोलीत ही बारीक चणीची बाई फिरत्या चाकावर काच धरून उभी असायची. सहा दिवस हे असं. रविवारी मात्र ती शहराबाहेरच्या बंद पडलेल्या विटांच्या कारखान्यात जायची आणि तिथल्या आवारात गो-कार्ट पळवायची. ती गाडी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. छत नाही, दरवाजे नाहीत, धक्के खायला स्प्रिंगा नाहीत. चार चाकं, एक इंजिन आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर एक खुर्ची. तिथे सगळे माझ्या नणंदेला खिळा म्हणत. वळणावर आतल्या बाजूने एकदा घुसली की कुणाच्या बापाच्याने हलायची नाही, म्हणून.

माझा नवरा शाळेत व्यायाम शिकवतो. सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं, मीही म्हणते. रागात तर जरा जास्तच.

सुरुवातीला मास्तरला हा खेळ वाटतच नव्हता. जेवायला बसलं की टोमणा ठरलेला. "घाम गाळतं पेट्रोल, आणि चषक हिला! अगं, बसून खेळायचे खेळ दोनच. पत्ते आणि बुद्धिबळ. त्यात निदान डोकं तरी लागतं." नणंदेच्या नाकावर एरवी सदा राग. दुकानाचा मालकसुद्धा तिच्याशी बोलताना शब्द तोलून बोलायचा. पण दादापुढे तिचा राग कुठे पळून जायचा कोण जाणे. आई लहानपणीच गेलेली, हिच्या वेण्या घातल्या त्या यानेच, शाळेत नेऊन सोडलं ते यानेच. त्यामुळे दादा बोलला की ती हसून घ्यायची. एकदा मात्र ताटावरून उठता उठता म्हणाली, "दादा, तू एकदा बस. मग बोल."

बसला. अगदी ऐटीत बसला, मला हात करून. पहिल्या फेरीला हात हलवला, दुसरीला हलवला, मग हात हलवणं बंद झालं. मग प्रत्येक वळणावर त्याचं हेल्मेट घातलेलं डोकं बाहेरच्या बाजूला कलंडायला लागलं आणि सरळ करायला त्याला अख्खा सरळ रस्ता पुरेना. शेवटी थांबला तेव्हा दोघांनी काखेत हात घालून बाहेर ओढला. बरगड्या काळ्यानिळ्या, तळहातांना फोड. मानेचं तर विचारू नका. दुसऱ्या दिवशी हा एका हाताने दात घासतोय आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं कपाळ धरून उभा आहे! मी तेल चोळत होते आणि हसत होते. तोही ओय ओय करत हसत होता. म्हणाला, "याला खेळ न म्हणणाऱ्याला आधी तिथे नेऊन बसवला पाहिजे."

नणंद दारातच उभी होती. तिने ऐकलं. चषक घेतानासुद्धा मी तिला इतकी खूश झालेली पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मास्तरने तिला ताब्यातच घेतली. आमच्या मागच्या अंगणात स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज आहेत. त्या गजांना सायकलची ट्यूब बांधायची, दुसरं टोक हेल्मेटला, आणि नणंदेने स्टुलावर बसून मान सरळ धरायची. मग मास्तर ट्यूब ताणत न्यायचा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. "पडू देऊ नकोस! वळण संपलेलं नाही अजून!" असा तो सकाळी सकाळी ओरडायचा आणि आत माझं दूध उतू जायचं. पुढे पुढे ट्यूबला पाण्याची बादली लटकायला लागली. मी म्हणायचे, "अहो नणंदबाई, मान राहू द्या जागेवर, नाहीतर आम्ही हेल्मेट कुणाला घालायचं?" ती हसायची नाही, कारण हसलं की मान हलते आणि मास्तर पुन्हा पहिल्यापासून करायला लावतो. बरीच वर्षं हे चाललं. तिच्या शर्टांची वरची बटणं लागेनाशी झाली. मास्तर शिवणाची टेप घेऊन तिची मान मोजायचा आणि आकडा असा सांगायचा, जणू वाढ त्याच्याच मानेची झालीय. मला तर वाटतं, त्या दोघांचं खरं बोलणं त्या खिडकीपाशीच व्हायचं. आणि बोलायचे काय, तर "ताण", "सोड", "पुन्हा". मला कधी कधी हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग क्रीडा मंडळाचा प्रश्न आला. कारखान्याचं आवार सरकारी. शहराच्या क्रीडा मंडळाने ते नणंदेच्या गो-कार्ट क्लबाला खेळासाठी म्हणून वापरायला दिलं होतं. मुदत संपत आली तेव्हा मंडळातल्या कुणीतरी शंका काढली की गाड्या पळवणं हा मुळात खेळ आहे का? की नुसती करमणूक? खेळ ठरला तर जागा क्लबाकडे राहील. करमणूक ठरली तर जागा परत. दुसरी तशी जागा आसपास कुठेच नव्हती, आणि नणंदेचं वय चाळिशीच्या पुढे. ते आवार गेलं म्हणजे तिचं गाडी चालवणं कायमचं संपलं, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

मंडळाने सुनावणी ठेवली. क्लबातर्फे एकाने, म्हणजे नणंदेने, बाजू मांडायची आणि सोबत जाणकार म्हणून एकच माणूस आणायचा. क्लबातल्यांचं म्हणणं पडलं, हाडांचे डॉक्टर यायला तयार आहेत, त्यांना आणू. नणंद ऐकेना. "डॉक्टर पुस्तकातलं सांगतील. माझं शरीर दादाने घडवलंय. शहरातली अर्धी पोरं त्याच्या हाताखालून गेलीत. त्याच्या शब्दावर मंडळ बोट ठेवणार नाही." क्लबातल्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, काय बोलायचं ते निदान त्याच्याशी ठरवून तरी घे. ती म्हणाली, "दादाला काय शिकवायचं?"

त्या आठवड्यात मास्तर सकाळी अंगणात आला नाही. घसा बसलाय म्हणाला. घशाचा आणि ट्यूब ताणण्याचा काय संबंध, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण माझ्या डोक्यातही आलं नाही.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, त्यामागे मंडळाचे सात सदस्य, कोपऱ्यात खडखडणारा पंखा. आम्ही समोरच्या खुर्च्यांवर. एका सदस्याने सुरुवातच तिरकी केली. "बाई, गाडी काढून घेतली तर तुमच्या खेळात उरतं काय?"

"घोडा काढून घेतला तर घोडेस्वारीत काय उरतं?" नणंद म्हणाली. "होडी काढून घेतली तर?"

"होडी माणूस वल्हवतो."

"शिडाची होडी वारा ओढतो. तिच्या शर्यतीला तुम्हीच बक्षीस देता."

दोघं-तिघं हसले. मला वाटलं, जमलं. अध्यक्षही जरा सैलावून बसले. नणंदेला फार बोलायची सवय नव्हती. ती म्हणाली, "गाडी जोरात जाते ते इंजिनामुळे, मान्य. पण वळणावर ते इंजिन मला बाहेर फेकतं आणि मी आत राहते, ते माझ्या अंगामुळे. त्याला किती ताकद लागते, ते माझ्या भावाला विचारा." एवढं बोलून ती बसली. बसताना तिने मास्तरकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी खात्री.

मास्तर उठला. घसा ठणठणीत होता. म्हणाला, "व्यायाम ती करते, यात शंका नाही. पण व्यायाम हमालही करतो. म्हणून ओझं उचलणं हा खेळ होत नाही. माझ्या मते खेळ म्हणजे माणसाच्या स्वतःच्या पायातलं, हातातलं बळ. इथे हरला-जिंकला ते गाडीवर फार अवलंबून असतं. मी याला खेळ म्हणणार नाही."

मला आधी वाटलं, हा आता 'पण' म्हणेल. 'पण' काही आलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "मग मास्तर, इतकी वर्षं तुम्ही हिच्याकडून तयारी करून घेत होता ती कशाची?"

तो हसला. ते हसणं मी त्याला जन्मात माफ करणार नाही. "धाकटी बहीण आहे साहेब. आई नाही तिला. हट्ट पुरवत होतो."

मी उठलेच. "मास्तर, तू स्वतः त्या गाडीत बसला होतास ना? तुला बाहेर काढायला दोन माणसं लागली होती. कपाळ धरून दात घासलेस तू!"

"ती आमची घरातली गंमत," तो सदस्यांना म्हणाला. माझ्याकडे वळलासुद्धा नाही. अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं. मी बसले, कारण नणंदेने माझा हात धरून खाली ओढलं.

निकाल तिथल्या तिथे लागला. करमणूक. जागा परत. आणि लगेच अध्यक्षांनी पुढचंही वाचून दाखवलं, की त्या आवारात आता मुलांसाठी धावपट्टी होईल आणि तिची जबाबदारी मास्तरांनी स्वीकारायचं कबूल केलं आहे. कबूल केलं आहे! म्हणजे आम्ही त्या खोलीत शिरण्याआधीच सगळं ठरलेलं होतं. ज्या मानेला त्याने इतकी वर्षं बादल्या लटकवल्या, तोच गळा त्याने केसाने कापला.

घरी आलो. नणंद स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. मी भांडी आपटत होते. आपटायला मास्तर सापडेना, म्हणून भांडी. तो दारात उभा राहिला. तिने त्याला शांतपणे विचारलं, "दादा, एकच सांग. तू खरंच हट्ट पुरवत होतास?"

यावर तो काय बोलणार? हो म्हटलं तर अंगणातली सगळी वर्षं खोटी, नाही म्हटलं तर सुनावणीत खोटं बोलला. तो म्हणाला, "नाही गं. खेळच आहे तो. मला कळत नाही का? पण माझी पोरं रस्त्यावर पळतात. मागून ट्रक येतात. किती वर्षं मागतोय मी धावपट्टी, कुणी दाद देत नव्हतं. ते म्हणाले, जागा मोकळी झाली तरच. मग मी काय करणार होतो?"

"मागायचीस."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे," ती म्हणाली. "तिथे उभा राहून म्हणायचंस, खेळ आहे, माझी बहीण खेळाडू आहे, पण ही जागा पोरांना द्या. मी पहिला हात वर केला असता रे दादा. क्लबातल्यांशी भांडले असते तुझ्यासाठी. मी दिली असती जागा."

ती उठून वर तिच्या खोलीत गेली. महिना संपायच्या आत तिने दुकानाजवळ भाड्याने खोली घेतली. मी सामान बांधायला मदत केली. मास्तर त्या दिवशी शाळेत जादा तास घेत होता म्हणे. आम्ही भांडलो नाही असा दिवस त्यानंतर बराच काळ गेला नाही. तो म्हणायचा, पोरांचं भलं झालं ना? झालं. ते मी नाकारत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

धावपट्टीच्या उद्घाटनाला ही गर्दी. पोरं, आईबाप, मंडळाचे सगळे. मास्तरने भाषण केलं. आधी आभार वगैरे, आणि मग एकाएकी म्हणाला, "ताकद म्हणजे काय ते मला माझ्या बहिणीने शिकवलं. याच जागेवर ती गाडी चालवायची. फार मोठी खेळाडू. पोरांनो, तिच्यासारखी मेहनत करा." डोळे पुसले त्याने. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते.

मी तिथून थेट चष्म्याच्या दुकानात गेले. मागच्या खोलीत ती काच घासत होती. मी शब्दन् शब्द सांगितला, खेळाडू म्हणाला तेही. का सांगितलं कोण जाणे. कदाचित मला वाटलं, तिला थोडं बरं वाटेल.

तिने चाक थांबवलं. काच उजेडात धरून पाहिली. "लोक किती होते गं वहिनी?"

"पुष्कळ. पाय ठेवायला जागा नव्हती."

"त्या दिवशी टेबलामागे सातच होते," ती म्हणाली, आणि चाक पुन्हा सुरू केलं.