पांढरी पापणी

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मला दम लागायला लागला. पाण्याचा हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दवाखान्यात जाऊ का, असं सासूबाईंना तीनदा विचारलं. कांद्याची लागवड आली की सुनांना बरोबर आजार सुचतात, असं त्या म्हणाल्या. नवरा चाकणला कंपनीत. फोनवर तोही म्हणे, आईला विचार. एकटी शिनोलीच्या स्टँडवर उभी राहिले असते तर गाडी यायच्या आधी बातमी घरी पोचली असती. घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि मला बाहेर पडता येत नव्हतं, याचा मला फार संताप यायचा.

सासऱ्यांनी वीसेक मेंढ्या अजून राखल्या होत्या. दर सोमवारी ते प्रत्येक मेंढीची खालची पापणी ओढून बघत. आत लाल दिसलं की सोडून देत. पांढरं दिसलं की हिचं रक्त आटलं म्हणत आणि त्याच दिवशी औषध पाजत. एकदा आरशापुढे मी माझी पापणी ओढून पाहिली. आत चुन्यासारखी पांढरी होती.

सासऱ्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघायचं नाही, सुनेनं पदर कपाळाखाली ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे माझा डोळा त्यांना कधी दिसलाच नव्हता. पुढच्या सोमवारी शेवटची मेंढी सुटली आणि मी पदर मागे टाकून, पापणी ओढून त्यांच्यापुढे उभी राहिले.

"आबा, मी मेंढी असती तर तुमी काय केलं असतं?"

रीतीप्रमाणे त्यांनी आधी मान खाली घातली. मग त्यांनी वर पाहिलं. हिला उद्याच दवाखान्यात ने, असं सासूबाईंना सांगून ते मेंढ्यांच्या वाड्यात गेले.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, रक्तात लोह असतं, ते श्वासातली हवा धरून ठेवतं, त्यानंच रक्त लाल होतं. तुमच्यात ते फारच कमी झालंय. मला हसू आलं. विळा, खुरपं, कुदळ, दिवसभर माझ्या हातात लोखंडच तर असायचं.

गोळ्या सुरू झाल्या आणि माझं वावरात कामाला जाणं थांबलं. सोमवारी मेंढ्या बघून झाल्या की सासरे हाक मारत आणि मी पापणी ओढून दाखवी. तिसऱ्या महिन्यात त्यांचा चेहरा खुलला. ते सासूबाईंकडे वळले.

"लाल हाय आता. उद्यापासनं जाऊ दे वावरात."

मी पदर पुढे ओढला. अजून चार सोमवार पापणी पांढरी राहिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.