मिलुंकाने कुणाला सांगितलं नाही

निश शहरातल्या मिलुंकाचं हिशेबनिसाचं काम मार्चमध्ये सुटलं. घाऊक कापडाची पेढी मालकाने एका दुपारी कायमची बंद केली. नवरा आधीच वारलेला, मुलगा जर्मनीत. कुणी आपली कीव करावी, हे तिला सोसवणारं नव्हतं. म्हणून ती नेहमीसारखी आवरून घराबाहेर पडायची आणि वाचनालयात बसून जाहिराती धुंडाळायची. अर्ज जायचे राजधानीतल्या, बेलग्रेडच्या मोठमोठ्या कंपन्यांना. उत्तर एकाचंही नाही. जाऊ नेवेंका विचारायची, तेव्हा बरं चाललंय म्हणून ती विषय बदलायची.

डिसेंबरात संत निकोलाचा, म्हणजे घराण्याच्या कुलसंताचा सण आला. त्या दिवशी घरी माणसं न बोलावता येतात. नेवेंका होतीच; नवऱ्याचा जुना दोस्त तिहोमीरही आला. तिघांना घेऊन त्याने गॅरेजात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची कंपनी काढली होती. आता एका बंद कारखान्याचे दोन मजले त्याच्याकडे होते. मासळीचं सूप पिता पिता तो सांगत होता, माणसं वाढली तसे पगाराचे, करांचे घोळ वाढले. जाहिरात द्यायचा धीर होत नाही; छोट्या कंपनीत एक माणूस चुकीचा आला तरी सगळं कोलमडतं. ओळखीतूनच घ्यावा लागतो.

मिलुंकाने हातातलं सणाच्या उकडलेल्या गव्हाचं ताट टेबलावर ठेवलं.

“माझं काम मार्चमध्येच सुटलंय, तिहोमीर.”

तिहोमीरने चमचा खाली ठेवला.

“वहिनी, उन्हाळ्यात मी नेवेंकाकडे तुमचीच चौकशी केली होती. ती म्हणाली, तिचं बरं चाललंय, तिला कशाला हलवतोस?” मग आवाज उतरवून म्हणाला, “मागच्या आठवड्यात त्या कामाला एक मुलगी घेतली. चांगली आहे. आता तिला कसं काढू?”

“काढायचं नाही,” मिलुंका म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

नेवेंका मागोमाग आली. “मला परकी समजलीस होय गं?”

“परकी नाही. लाज वाटली.”

त्याच संध्याकाळी तिने मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो रागावला.

तिहोमीरने चार ठिकाणी तिचा विषय काढला. ईस्टरच्या सुमाराला सात जणांच्या एका नव्या कंपनीत तिला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. तिथली पोरं तिला मान देतात, जेवायला तिच्यासाठी थांबतात. तिहोमीरकडची ती मुलगी आता हाताखालच्या दोघांवर देखरेख करते. तिहोमीर मिलुंकाला रस्त्यात भेटला, की दोघंही हवापाण्याचं बोलतात; त्या जागेचा विषय कुणी काढत नाही.