सगळे सिग्नल पाड

सुताराकडे सरस उकळायला लागला की त्या वासाने माझं डोकं अजून तापतं. एकोणीसशे पन्नासच्या आसपास मी कल्याण स्टेशनच्या केबिनमध्ये सिग्नल ओढायचो, आणि गणपतीच्या देखाव्याला आम्ही चौघांनी खोक्यांच्या फळ्यांवर सरसाने अख्खं जंक्शन उभं केलं होतं. गाड्या चावीच्या, सिग्नल पत्र्याचे. सिग्नलचा हात आडवा असला की रुळातला खिळा गाडी अडवायचा; दोरा ओढून हात पाडला की गाडी सुटायची. उद्घाटनाला मोठे साहेब आले, तसे मंडळाचे सेक्रेटरी माझ्या कानाशी म्हणाले, "अरे, साहेबांना आडवे हात काय दाखवतोस? अपशकुन आहे. सगळे सिग्नल पाड." मी म्हटलं, "कसाऱ्याची आणि कर्जतची, दोन्ही एका रुळावर येतील." "खेळण्यातल्याच आहेत रे," म्हणत त्यांनी स्वतःच सगळे दोरे ओढले. दोन रूळ मिळतात त्या सांध्यावर गाड्या आदळल्या आणि एक इंजिन साहेबांच्या बुटापाशी पडलं. सेक्रेटरी हसत म्हणाले, "आमच्या केबिनवाल्याने जरा घाई केली." साहेब मला म्हणाले, "ड्युटीवर असं करू नकोस हं." पुढे रिटायर होईपर्यंत मी एकही सिग्नल चुकीचा पाडला नाही. माझ्या नावावर अपघात आहे तो एवढाच, आणि तो मी केलेला नाही.