पाच रविवार आणि एक मॉडेम

धाकट्या भावाने अमेरिकेतून आईसाठी लॅपटॉप पाठवला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "स्वतः यायला काय धाड भरली होती याला?" आई म्हणाली, "गप रे मेल्या. त्याला काही बोलू नको." त्याला काही बोलायचं नाही हा आमच्या घरातला जुनाच कायदा.

दोन हजार चार-पाचचा सुमार. मी रत्नागिरीत शिक्षक, आई माझ्याकडे. भाऊ सहा वर्षांत एकदा आला होता, तोही स्वतःच्या लग्नापुरता. फोन मात्र दर रविवारी सकाळी नऊला न चुकता. आई आंघोळ-पूजा आटपून, केस विंचरून साडेआठपासून फोनजवळच्या खुर्चीत बसायची. दहा मिनिटं बोलायची. कोण गेलं, कोणाचं ठरलं, फणस किती लागले. बस्स, तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

त्या वर्षी तिच्या हृदयाचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता दिवस मोजायचे. आईला न सांगताच कळलं होतं. तिची एकच इच्छा उरली होती, भावाने एकदा येऊन जावं. पण ती त्याला सांगेना आणि मलाही सांगू देईना. "तू मधे पडू नको. मी सांगेन माझ्या तोंडाने." आमच्याकडची ही एक खोड आहे. जीव गेला तरी 'ये' म्हणायचं नाही. 'कधी येतोयस?' एवढंच विचारायचं आणि समोरच्याने काय ते ओळखायचं. भाऊ ओळखत नव्हता. "बघू गं, सुट्टीचं बघतो," म्हणायचा.

लॅपटॉप त्याच्या मित्राने चिपळूणपर्यंत आणला, तिथून मी एसटीने घेऊन आलो. सोबत एक छोटा कॅमेरा होता. "आता आईला मी दिसेन," भाऊ फोनवर म्हणाला. आई हरखली. "मग आता तोंडावरच सांगते त्याला," मला हळूच म्हणाली.

पण लॅपटॉप कोरा. भावाला विंडोजचं वावडं, त्याच्याऐवजी लिनक्सच घालायचं म्हणे, सीडी पाठवल्यात, दादा तू फक्त मी सांगतो तसं कर. माझं संगणकाचं ज्ञान म्हणजे शाळेत निकालपत्रकं टाइप करण्याइतकं. तरी लिनक्स बसलं. अडलं ते मॉडेमवर. फोनची वायर लावून इंटरनेट यायचं ते ज्यातून, तो भागच लिनक्सला दिसेना.

पहिल्या रविवारी फोन आला तो मीच उचलला. तो एकेक अक्षर सांगणार, मी वहीत लिहून घेणार. "स्लॅश." "कुठल्या बाजूला झुकलेला?" "अरे दादा, उजवीकडे!" असा पाऊण तास. घरात फोनची लाइन एकच. तो बोलत असेपर्यंत मॉडेम लावून बघता येत नाही, आणि मॉडेम लावला की त्याच्याशी बोलता येत नाही. म्हणजे लिहून घ्यायचं, फोन ठेवायचा, वायर काढून लॅपटॉपला लावायची, आणि नाही चाललं की पुढच्या रविवारची वाट बघायची. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, आई खुर्चीत बसलेलीच होती.

दुसऱ्या रविवारी कळलं, मॉडेम ओळखायला ड्रायव्हर नावाचं काहीतरी लागतं. ते इंटरनेटवर मिळतं, आणि इंटरनेटसाठी ते लागतं! स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन सीडीवर उतरवून आणलं. तिसऱ्या रविवारी कळलं, ते चुकीच्या आवृत्तीचं. चौथ्या रविवारपर्यंत मॉडेम दिसला एकदाचा, पण त्याला फोन लावायला सांगितलं की एकच रड, डायल टोन नाही. रिसीव्हर कानाला लावला तर टोन घणघणत होती. रविवारी फोनवर हे ऐकून भाऊ वैतागून म्हणाला, "राहू दे दादा, तुला नाही जमणार." झालं! माझं डोकं सणकलं. याला करूनच दाखवतो, म्हटलं.

पाचव्या रविवारी आई उठून माझ्याजवळ आली. हात पुढे केला. "जरा दे रे इकडे. दोनच शब्द बोलते." मी वहीतून मानही वर केली नाही. "थांब गं आई, मधे बोलू नको, एक अक्षर चुकलं तर सगळं परत करावं लागेल. हे चालू झालं की मग तास तास बोला." ती म्हणाली, "बरं. होऊ दे तुमचं." आणि आत गेली.

गुरुवारी पहाटे ती गेली.

भाऊ आला. रजा मिळाली, विमान मिळालं, सगळं मिळालं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा त्याने तो लॅपटॉप मांडीवर घेतला, दोन ओळी टाइप केल्या आणि मॉडेम किंचाळत लागला. दहा मिनिटं लागली नाहीत. म्हणाला, "काहीच नव्हतं रे. हा तिकडचा मॉडेम, इकडची डायल टोन त्याला ओळखू येत नाही. टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरव, एवढंच त्याला सांगायचं होतं. माझ्या ध्यानातच नाही आलं."

  मग पडद्याकडे बघता बघता तो रडायला लागला. म्हणाला, "दादा, आईने एकदा, एकदा जरी ये म्हटलं असतं ना, मी धावत आलो असतो."

एरवी शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कोणाला सोडत नाही मी. शिव्या अगदी ओठांवर आल्या होत्या. पण बोलणार काय, कपाळ? ती 'ये' म्हणायलाच उठून आली होती, आणि रिसीव्हर माझ्या हातात होता.