तांबडा नर मिळालाच नाही

“ही पण मादीच?” डॉक्टर होरमसजींनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

“मादीच, डॉक्टरसाहेब.”

ठाण्याला त्यांच्या बंगल्यावर मी पक्षी भरायला होतो. भरायचं म्हणजे कातडं अलगद सोलायचं, कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा विषारी साबण लावायचा, कापूस भरून शिवायचं. नर की मादी, ते पोट फाडून बघायचं. नुसत्या रंगावर भरवसा ठेवला की घात झालाच.

पाखरू कोकिळेच्या कुळातलं, पण साळुंकीहून सडपातळ. पावसाळ्यात येतं, केसाळ सुरवंट खातं, आणि अंडं घालतं ते वटवट्या नावाच्या बिचाऱ्या चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यात. पोरं वाढवायची त्यानं! ही जात राखाडी, सगळ्यांच्या माहितीतली. डॉक्टरांना मात्र कोपर गावच्या बांधावर एक तांबडी मिळाली, अंगभर आडव्या पट्ट्यांची. त्यांच्या पुस्तकांत तशी नव्हती. म्हणजे नवी जात! तिला ते शिरीनचं नाव देणार होते. शिरीन त्यांची एकुलती एक लेक, आदल्या वर्षी तापानं गेली.

पण जात म्हटली की नर हवा. आम्ही कल्याणपर्यंतची शेतं पालथी घातली. तांबडी मिळेल ती मादी. राखाडीत नर रगड. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही वेगळी जात नव्हेच, राखाडीच्याच काही माद्या तांबड्या निपजत असणार. पण सांगायला जीभ रेटत नव्हती. लेकीच्या नावासाठी त्या माणसाची चाललेली धडपड बघवत नव्हती हो! “नर लाजरे असतील,” असं काहीबाही बोलून मी वेळ काढत होतो.

एका सकाळी डॉक्टर शेतावरून एकटेच आले. बंदूक भिंतीला टेकवली आणि मटकन बसले.

“दिकरा, आज जोडा लागताना बघितला. मादी तांबडी, नर राखाडी. माझ्या डोळ्यांदेखत.”

“एकदा दिसलं म्हणून काय झालं?” मी म्हणालो. “नाव देऊन टाका, साहेब. कोण बघायला येतंय?”

ते असे भडकले! “माझ्या पोरीचं नाव खोट्याला लावू? अरे, तिला काय वाटेल?”

आणि ढसाढसा रडायला लागले. मी पाणी आणून दिलं, दुसरं काय करणार?

दुपारी त्यांनी सगळ्या तांबड्या माद्या स्वतःच्या हातानं उचलून कपाटातल्या राखाडीच्या खणात ठेवल्या. शिरीनच्या नावाचं पाखरू जगात झालं नाही.

मेलेल्या पाखराबद्दलसुद्धा खोटं बोलू नये, हे मी त्यांच्याकडून शिकलो. जिवंत माणसांच्या बाबतीत अजून जमत नाही.