बेसा ते इतवारी, व्हाया सगळे नातेवाईक

लोक निवृत्तीनंतर काशीला जातात, केरळला जातात. ज्यांची मुलं परदेशी आहेत ते तिकडे जाऊन बर्फात उभे राहून फोटो पाठवतात. आम्ही दोघं पौषातल्या एका सकाळी बेसाहून इतवारीला गेलो. शहर एकच, नागपूर. पण आमची तयारी पाहणाऱ्याला वाटलं असतं की हे हिमालय ओलांडायला निघाले आहेत. मी कानटोपी, मफलर, स्वेटर आणि त्यावर मुलाने दिलेलं जाकीट चढवलं होतं. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "अहो, आत तुम्हीच आहात ना?"

प्रवासाचं कारण सांगायला हवं. मंदाची थोरली बहीण कमलताई इतवारीत राहते. आम्हीही जन्मभर तिथंच, तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत होतो. दिवाळीनंतर बेसाच्या नव्या घरात आलो, वास्तुपूजन ठरलं, आणि पुण्याच्या आमच्या चिरंजीवांनी निमंत्रणाचं एक रंगीत चित्र बनवून एका फटक्यात साऱ्या खानदानाला फोनवर पाठवून दिलं. सारं खानदान आलं. ताई आली नाही. थोरल्या बहिणीला घरी जाऊन, कुंकू लावून बोलवायचं असतं, हे चिरंजीवांना ठाऊक नव्हतं आणि आम्हाला सामानाच्या धांदलीत सुचलं नाही.

तेव्हापासून ताईने फोन उचलणं बंद केलं. पूर्वी रोज दुपारी चारला दोघी बहिणी बोलत. आता चार वाजले की मंदा फोन लावायची, तिकडे घंटी पूर्ण वाजून थांबायची, आणि मग ही वाळत घातलेले कपडे उगाच पुन्हा सारखे करत बसायची. मला ते पाहवत नसे. शेवटी आम्ही ठरवलं, येत्या रविवारी घरी रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वांग्याचं भरीत) बेत करायचा आणि ताईला स्वतः जाऊन बोलवायचं. ती आली तर तो बेत. नाही तर नुसताच स्वयंपाक.

आता इतवारीत जाऊन फक्त ताईकडे डोकावून परत येणं शक्य नव्हतं. तिथं एका घरी गेलात आणि दुसऱ्या घरी नाही, तर बोभाटा तुमच्या आधी बेसाला पोचतो. माझा चुलतभाऊ बंडू आणि मंदाची मामेबहीण सुशीला यांनाही बोलवणं भाग होतं. मी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला. रात्री कागदावर रस्ता आखला. बाजाराच्या तोंडाशी बंडूचं कापडाचं दुकान, पुढे भांडेगल्लीत सुशीला, आणि अगदी आत ताई. एकही गल्ली दोनदा लागत नव्हती. मला त्या आखणीचा फार अभिमान वाटला.

मेट्रोत समोरच्या एका गृहस्थाने गरम कपड्यांत गुंडाळलेलं माझं बोचकं बराच वेळ पाहिलं.

"काका, शिमल्याले चालले का?"

"नाही हो. इतवारीले."

"मग बराबर आहे," तो म्हणाला. "तिकडं गल्लीत ऊन नाही येत."

सीताबर्डीला उतरलो, कारण रिकाम्या हाताने जाऊन थोरल्या बहिणीचा रुसवा निघत नाही. मंदाने ताईसाठी शाल पाहायला घेतली. दुकानदार म्हणाला, "घ्या काकू, खास काश्मीरचा माल आहे." मंदा म्हणाली, "असू दे भाऊ. मी खास इतवारीची आहे." मग त्याने आतली शाल काढली. जांभळ्या रंगाची, मऊ, ताईला शोभेल अशी.

ऑटो इतवारीत शिरला आणि थांबला. पुढे हातगाडी, हातगाडीपुढे टेम्पो, आणि टेम्पोपुढे एक गाय, जिला कुठेच जायचं नव्हतं. ऑटोवाल्याने गाडी बंद केली. "उतरा काका. माह्यापेक्षा तुम्हीच लवकर पोचसान."

बंडूने दुकानाच्या गादीवरूनच हाक मारली, "या दादा! या वहिनी!" आणि निमंत्रण ऐकायच्या आधी पोहे मागवले, वर तर्री (तिखटजाळ रस्सा) ओतलेले. तिसऱ्या घासाला माझी कानटोपी उतरली, पाचव्याला मफलर. "हे काय बोटभर खाल्लं दादा?" म्हणत त्याने आणखी एक बशी पुढे सरकवली. नाही म्हटलं असतं तर ते पुढच्या लग्नापर्यंत ऐकावं लागलं असतं.

सुशीलेकडे पाटोडी-रस्सा होता. "तुम्ही येऊन राहिले असं आत्ताच समजलं," ती म्हणाली. कोणाकडून समजलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. बेसनाच्या त्या वड्या गरम रश्श्यात पोहत होत्या आणि सुशीला वाटीवर नजर ठेवून समोर बसली होती. खाल्ल्या.

ताईच्या दारी पोचलो तेव्हा मला वाकून चपला काढणं जड जात होतं. ताई उंबऱ्याजवळ उन्हाच्या एवढ्याशा तुकड्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली ती माझ्याकडे.

"या जवाईबापू. लय थंडी आहे म्हणते बेसाले?"

मंदा शेजारीच उभी होती. ताई मला म्हणाली, "सोबत कोणी आलं आहे वाटते. पाणी पाह्यजे का विचारा त्यायले."

मंदाने पिशवीतून करंडा काढला, ताईच्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर शाल घातली. "ताई, रविवारी घरी रोडगे आहेत. तुले बोलवाले आली."

ताईने शाल चाचपून पाहिली. आवडली होती, ते दिसलं. पण ती म्हणाली, "बंडूकडे पोहे झाले. सुशीलेकडे पाटोडी झाली. मी सगळ्यात मोठी ना वं? मंग मी सगळ्यात शेवटी काहून?"

मी लगेच मध्ये पडलो. "ताई, रस्ता मी आखला. बंडूचं दुकान पहिले लागते, म्हणून..."

"जवाईबापू, लग्नाची अक्षत पहिले देवाले देता ना? ते काय देऊळ जवळ लागते म्हणून?"

माझा भूगोल तिथं संपला. मी एक शेंग उचलली आणि सोलायला लागलो.

मंदा खाली बसली. "चुकलं वं ताई. फोनवर बोलावलं ते चुकलं, आज शेवटी आली तेही चुकलं. मले काय बोलाचं ते बोल. पण फोन उचलत जा. चार वाजले का मले काय करावं तेच समजत नाही." आणि ती रडायला लागली. आयुष्यभर मला दरडावणारी ही बाई मी अशी लहान पोरीसारखी रडताना पाहिली आणि मीही हातातल्या मफलराने डोळे पुसले. ते तर्रीमुळे नव्हतं.

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी का मजेत होती? चार वाजता फोन मांडीवर घेऊन बसते. वाजते, वाजते, अन् बंद होते. मंग वाटते, पोट्टीनं अजून एकदा लावला असता तं उचलला असता."

"मग सांगायचं ना तसं!"

"सांगू कशी? फोन तं उचलत नव्हती!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि रडता रडताच हसायला लागल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ताई पदराने डोळे पुसत उठली. "चला, पानं घेतली आहेत."

आम्ही बंडूकडे पोचल्याचं कळलं तेव्हाच तिने सगळं रांधून ठेवलं होतं आणि मग शेंगा घेऊन दारात बसली होती. भरीत, ज्वारीची भाकरी, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी, ठेचा. मी अर्धी भाकरी परत सारून पाहिली. ताई म्हणाली, "सुशीलेच्या पाटोडीले जागा होती अन् माह्या भरताले नाही?" जेवलो. कसा जेवलो ते विचारू नका. नंतर भिंतीला टेकून बसलो, ते संध्याकाळपर्यंत. दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या आणि मला तिथून फक्त भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

निघताना ताईने अट घातली. "रविवारी येईन. पण जवाईबापू न्यायले येतील. अन् रस्त्यात कुठंच थांबणार नाहीत."

परतीच्या मेट्रोत अजून धड टेकलोही नव्हतो तर मंदाचा फोन वाजला. "पोचले का?" ताई विचारत होती. मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. आमचं स्टेशन आलं, मी उठलो, मंदाने हातानेच "थांबा" म्हटलं, दारं बंद झाली आणि स्टेशन मागे गेलं. मध्येच फोन माझ्या कानाला लागला.

"जवाईबापू, पोट कसं आहे?"

"दुखून राहिलं ताई."

"ओवा खा. अन् तिले तुमचा मफलर द्या, तिचे कान लवकर दुखतात."

मफलर गेला. लांब सफर करून आलेले लोक सांगतात की घर सोडल्यावरच घराची किंमत कळते. असेल. मला एवढंच कळलं की नात्यांच्या गावात जवळचा रस्ता धरू नये, आणि निघताना काही खाऊन निघू नये.

पुढच्या स्टेशनवर उतरून आम्ही उलट्या गाडीने आलो, कुडकुडत घरी पोचलो, कुलूप काढलं, तरी फोन चालूच. शेवटी तो ठेवल्यावर मी विचारलं, "दिवसभर तर समोरासमोर बसल्या होत्या. एवढं काय बोलायचं होतं?"

मफलर न काढताच मंदा खुर्चीत बसली. "आजचं तिथंच झालं होतं," ती म्हणाली. "हे मागचं राहिलं होतं."